माडांच्या गर्दीत गोल्फ: १८-२० हँडिकॅपवाल्यांसाठी

फेअरवे, म्हणजे होलकडे जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा, ३० यार्ड रुंद असला की मध्यापासून दोन्हीकडे १५-१५ यार्ड मिळतात. चेंडू ५ अंशांनी भरकटला तर १५० यार्डांवर तो १३ यार्ड बाजूला असतो, म्हणजे अजून गवतावरच. तीच चूक २०० यार्डांवर १७ यार्डांची होते आणि चेंडू माडांत. शिवाय ड्रायव्हरचा, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबचा, लॉफ्ट (तोंडाचा कल) कमी, त्यामुळे स्लाइस (उजव्या हाताच्या खेळाडूचा उजवीकडे वळत जाणारा फटका) आणखी वळतो. म्हणून टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, क्लब काढायचा तो चेंडू पडेल तिथली रुंदी बघून.

३३० यार्डांचा पार फोर, म्हणजे चार फटक्यांत संपवायचा होल, घ्या. सेव्हन आयर्न या मधल्या क्लबने १४० यार्ड, पुन्हा १४०, मग वेज या आखूड पल्ल्याच्या क्लबने ५० यार्ड आणि होलकडे ढकलायचे दोन फटके (पटिंग). पाच झाले. १८ हँडिकॅप म्हणजे १८ होलांत १८ फटक्यांची सूट, त्यामुळे प्रत्येक होलवर बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) झाली तरी सूट वजा जाता पारच. त्यात लाज कसली?

स्लाइस जाणाऱ्या उजव्या हाताच्या खेळाडूने टीच्या उजव्या कडेला चेंडू ठेवून डावीकडे नेम धरावा. वळायला पूर्ण फेअरवे मिळतो. चेंडू टीवरच्या दोन खुणांच्या (मार्करांच्या) रेषेमागे दोन क्लब लांबीपर्यंत कुठेही ठेवता येतो, पाय बाहेर असले तरी चालतात. दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो. झाडांच्या आडोशाला तो अंगाला लागत नाही, तेव्हा झावळ्यांकडे बघा. चेंडू तिथवर चढला की वारा त्याला धरणारच.

चेंडू झाडीत गेल्यावर झाड कुठले ते आधी पाहा. माडाखाली बुंधे तेवढे आडवे येतात, झावळ्या उंच असतात, त्यामुळे खालून मारलेला चेंडू निघतो. काजूच्या फांद्या जमिनीलगत पसरलेल्या. तिथून पुढे मारायच्या फंदात पडू नका, सरळ आडवा मारून फेअरवेवर या. सुरूखाली काड्यांचा थर असतो, पाय घसरतात आणि चेंडू नुसत्या धक्क्यानेही हलतो. आजूबाजूची पाने-काड्या उचलायला परवानगी आहे, पण त्या उचलताना चेंडू हलला तर एका फटक्याचा दंड. फांदी मोडून वाट करणे नियमबाह्यच.

फटीचाही हिशेब करा. दहा पावलांवर दोन पावले रुंद फट असेल तर दोन्ही बाजूंना साडेपाच अंशांची सूट मिळते. वीस पावलांवर तीच फट तीन अंशांहूनही कमी. टीवर मोकळ्या जागेत ५ अंश चुकणारा माणूस वाकून, काड्यांवर उभा राहून तीन अंशांत मारणार कसा?

बाहेर काढायला पंच शॉट, म्हणजे जमिनीलगत जाणारा आखूड फटका. फाइव्ह किंवा सिक्स आयर्न, ग्रिप दोन बोटे खाली, चेंडू मागच्या पायाकडे, हात चेंडूच्या पुढे, वजन पुढच्या पायावर. बॅकस्विंग कमरेपर्यंतच, मारून झाल्यावर हातही कमरेशीच थांबवा. हमखास होणाऱ्या चुका दोन: चेंडू उचलायला जाऊन मागची माती मारणे आणि जोर जास्त लागून समोरच्या झाडीत जाणे. दुसरी जास्त महाग पडते. मार्च-एप्रिलच्या कडक जमिनीवर चेंडू लांब घरंगळतो, तेव्हा आणखी हळू. पावसाळ्यात पडला तिथेच बसतो. अरुंद फेअरवेला तो काळ बरा.

झाडीत गेलेला चेंडू शोधायला तीनच मिनिटे मिळतात. तो सापडेल की नाही अशी शंका आली की जोडीदाराला 'प्रोव्हिजनल' (पहिला हरवला तर चालणारा तात्पुरता चेंडू) असे स्पष्ट सांगून दुसरा चेंडू टीवरूनच मारा. न सांगता मारला तर पहिला बाद. चेंडूवर पेनने खूण हवीच. झावळीत अडकलेला चेंडू तुमचाच हे ओळखता आले, तर तो अनप्लेएबल (खेळता न येणारा) ठरवून एका फटक्याच्या दंडात थेट त्याच्याखालच्या जमिनीपासून दोन क्लब लांबीत, होलच्या जवळ न जाता ड्रॉप करता, म्हणजे हातातून खाली सोडता, येतो. ओळखता आला नाही तर हरवलाच, मग प्रोव्हिजनल खेळायचा, तो मारला नसेल तर पुन्हा टीवर.