मेट्रोच्या पार्किंगमध्ये स्लो चार्जरच बरा

इलेक्ट्रिक गाडी स्टेशनवर लावून मेट्रोने ऑफिस गाठणार असाल, तर फास्ट चार्जरच्या नादी लागू नका. साधा ३.३ किलोवॉटचा एसी पॉइंट, म्हणजे घरातल्यासारखी एसी वीज देणारा स्लो चार्जर, पुरतो. सकाळी नऊला लावलेल्या गाडीत संध्याकाळी सहापर्यंत २५ युनिट तरी जातात, म्हणजे छोट्या कारला दीडशे किलोमीटरच्या आसपास. रोजच्या येण्याजाण्याला रग्गड!

डीसी फास्ट चार्जर तासाभरात काम उरकतो, पण तेव्हा तुम्ही ऑफिसात. गाडी जागा अडवून बसते, मागचा खोळंबतो, आणि काही ठिकाणी वर दंडही बसतो.

केबल मात्र स्वतःची डिकीत ठेवा. बऱ्याच एसी पॉइंटला नुसतं सॉकेटच असतं. आणि प्लग खोचल्या खोचल्या ट्रेनकडे पळू नका. हिरवा दिवा लागतो, अ‍ॅपवर सेशन सुरू दिसतं, तरी कधीकधी गाडीत वीज जातच नसते. डॅशबोर्डवर किलोवॉटचा आकडा येऊन स्थिरावला, की मग गाडी लॉक करा आणि गन, म्हणजे केबलचं गाडीत खोचलेलं टोक, हलकेच ओढून बघा. ती निघाली नाही, तर खुशाल जा.