ईकेएस क्लस्टर तयार, पण नोड जोडले जात नाहीत: माझा अनुभव

ईकेएस म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवरची (एडब्ल्यूएस) कुबरनेटीस सेवा, म्हणजे कंटेनरमधली ॲप्स अनेक मशीन्सवर चालवणारी. क्लस्टर म्हणजे त्या मशीन्सचा समूह आणि नोड म्हणजे त्यातलं एकेक मशीन. लक्षण असं: नवीन एडब्ल्यूएस अकाउंट, क्लस्टर ‘ॲक्टिव्ह’, नोडसाठीची ईसी२ (क्लाउडमधली भाड्याची) मशीन्सही सुरू. नोड ग्रुप मात्र बराच वेळ ‘क्रिएटिंग’वर अडून शेवटी ‘इन्स्टन्सेस फेल्ड टू जॉइन’ म्हणून फेल. जोडलेले नोड दाखवणारी ‘क्यूबसीटीएल गेट नोड्स’ कमांड रिकामी.

मोठं मशीन घेतलं, सिक्युरिटी ग्रुप (मशीनची फायरवॉल) मोकळा केला, नोड ग्रुप पुन्हा बनवला. ढिम्म फरक नाही. डोकं फिरायची वेळ आली.

धागा मिळाला तो मशीनच्या सिस्टिम लॉगमध्ये: बाहेरचं प्रत्येक कनेक्शन टाइमआउट. नोड प्रायव्हेट सबनेटमध्ये (नेटवर्कच्या इंटरनेटशी थेट न जोडलेल्या भागात) होते आणि तिथून बाहेर पडायला वाटच नव्हती.

मग याच क्रमाने केलं. आधी व्हीपीसीच्या (एडब्ल्यूएसमधलं आपलं खासगी नेटवर्क) सेटिंगमध्ये डीएनएस रिझोल्यूशन आणि डीएनएस होस्टनेम्स, दोन्ही चालू. नंतर इलॅस्टिक आयपी (कायमचा पब्लिक पत्ता) देऊन पब्लिक नॅट गेटवे बनवला, म्हणजे प्रायव्हेट मशीन्सना इंटरनेटवर जायची वाट. तो पब्लिक सबनेटमध्येच हवा, म्हणजे ज्याचा रूट इंटरनेट गेटवेकडे जातो त्यात. प्रायव्हेटमध्ये ठेवला तर काहीच उपयोग नाही. तो ‘अव्हेलेबल’ झाल्यावर प्रायव्हेट सबनेटच्या रूट टेबलमध्ये (कुठला ट्रॅफिक कुठे जायचा त्याची यादी) 0.0.0.0/0, म्हणजे बाहेर जाणारा सगळा ट्रॅफिक, त्या नॅटकडे वळवला. सबनेटला नेमकं कुठलं रूट टेबल जोडलंय ते ‘सबनेट असोसिएशन्स’मध्ये बघाच. नोडच्या आयएएम रोलवर (नोडला काय करायची परवानगी आहे ते ठरवणारा) वर्कर नोड, सीएनआय (पॉडचं नेटवर्किंग) आणि ईसीआर रीड-ओन्ली (कंटेनर इमेज उतरवणं) या तीन पॉलिसी आहेत याची खात्री केली. शेवटी फेल झालेला नोड ग्रुप काढून नवा बनवला. नोड ‘रेडी’.

नॅट गेटवे नुसता पडून असला तरी तासाचे पैसे लागतात. चाचणी संपली की तो काढा, आणि इलॅस्टिक आयपी वेगळा रिलीज करा. तो आपोआप जात नाही.