जांभळाचा गर नाही, साल महत्त्वाची: अँटीऑक्सिडंट पुरेपूर कसे उतरवायचे

जूनमध्ये मंडईत जांभळं आली की आमच्याकडे सरबताची गडबड सुरू होते, आणि कितीतरी वर्षं मी ती तासभर रटरट उकळायचे, घरभर वास सुटायचा पण रंग यायचा विटकरी. मग कळलं की जांभळातली अँटीऑक्सिडंट, म्हणजे तो जांभळा रंग देणारी अँथोसायनिन, जास्त करून सालीत असतात आणि जास्त उष्णता, उजेड, हवा यांनी मोडतात. म्हणजे आपण उकळून उकळून नेमकं तेच घालवत होतो!

आता असं करते. अर्धा किलो काळीभोर, पिकलेली पण न फुटलेली जांभळं धुऊन पुसून घ्यायची, बिया काढायच्या आणि साल गराला तशीच ठेवून रात्रभर फ्रीजरमध्ये. ही पायरी गाळू नका प्लीज. आत बर्फाचे स्फटिक होतात, ते पेशी फाडतात, म्हणून सकाळी थोडं सुटलं की बोटाने दाबलं तरी गडद रस वाहतो, ताज्या फळाचा तसा येत नाही.

अर्धा लिटर पाण्यात अर्धा चमचा लिंबूसत्व विरघळवायचं. आंबट पाण्यात हा रंग टिकतो. लिंबू पिळलं तरी चालतं, पण त्यातल्या सी व्हिटॅमिनमुळे साठवताना रंग लवकर उतरतो, म्हणून ठेवायचं असेल तर लिंबूसत्वच बरं. भांडं काचेचं किंवा स्टीलचं, लोखंड-ॲल्युमिनियम नको, रंग बिघडतो.

हे पाणी घालून फळं मिक्सरमध्ये दोनतीनदाच फिरवा, खूप फेसाळलं की हवा मिसळते. मग भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून 50 अंशांच्या आसपास, झाकण घालून, अर्धा तास. थर्मामीटर नसेल तर बोट बुडवून फार वेळ धरवत नाही इतपत गरम, वाफा उसळायला नकोत.

मलमलच्या फडक्यातून गाळा आणि चोथा टाकू नका! त्यात अजून बराच रंग असतो, पाव लिटर तसंच आंबट पाणी घालून पुन्हा अर्धा तास ठेवा. एकदाच खूप पाणी ओतण्यापेक्षा थोडं थोडं दोनदा केलं की जास्त उतरतं. उरलेला चोथा मी थालीपिठात घालते, छान लागतो.

प्रयोगशाळेत यासाठी इथेनॉल आणि पाणी मिसळून वापरतात, त्यात जास्त उतरतं हे खरं, पण घरी स्पिरिट किंवा सॅनिटायझर वापरायचा विचारही करू नका, विषारी असतं.

जमलंय का ते बघायला बशीत चार थेंब घेऊन चिमूटभर खायचा सोडा टाका. लाल-जांभळा रंग निळसर-हिरवट झाला म्हणजे अँथोसायनिन आहेत, नुसता तपकिरी झाला तर बरंच गेलंय. ते थेंब फेकून द्या.

बाकीचं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा, फ्रीजमध्ये तीन-चार दिवसच. प्यायच्या वेळी साखर आणि सैंधव, दूध मात्र नको. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर हे त्यांच्याऐवजी घ्यायचं नाही. तुरटपणा लागला तर घाबरू नका, तो जांभळाच्या टॅनिनचा. सिंहगडावरून द्रोणात आणलेल्या करवंदांचंही असंच करता येतं, फक्त आधी चीक नीट धुवा.