हिरे घेण्याआधी रुपयांत हिशोब करा

फुकटच्या मोबाईल गेममध्ये वस्तूंची किंमत खऱ्या पैशांनी विकत घ्यायच्या हिऱ्यांत किंवा नाण्यांत दाखवतात, त्यामुळे खरा खर्च कळत नाही. पुण्यात दिवाळीची सुट्टी लागली की मुलांच्या हाती फोन आणि गेममध्ये ऑफर, दोन्ही एकदम येतात. त्याआधी एवढं करा:

१. हिशोब पूर्ण पॅकचा करा. समजा, १०० हिरे ८९ रुपयांना आणि पोशाख १२० हिऱ्यांचा. सुटे २० हिरे मिळत नसतील तर दोन पॅक घ्यावे लागतात, म्हणजे पोशाख १७८ रुपयांना पडला. उरलेले ८० हिरे बचत म्हणून धरू नका. पुढची खरेदी व्हावी म्हणूनच ते उरवलेले असतात, आणि ही पद्धत मुलांच्या बाबतीत तर सरळ अन्यायाची आहे.

२. प्ले स्टोअरमधून कार्ड आणि यूपीआय काढून टाका, ठरलेल्या रकमेचा गूगल प्ले रिचार्ज कोडच भरा. तिथे खर्चाचं बजेट लावता येतं, पण ते फक्त सूचना देतं, खरेदी थांबवत नाही.

३. प्रत्येक खरेदीला पडताळणी (पासवर्ड किंवा फिंगरप्रिंट) लावा. फोनच्या फिंगरप्रिंटमध्ये मुलाचं बोट नोंदलेलं नको.

चुकून खरेदी झालीच तर ४८ तासांच्या आत गूगल प्लेवर परतावा मागा, आणि तोवर ती वस्तू वापरू नका.