ऑफिसच्या गाड्यांचं सॉफ्टवेअर फुकट वापरून कसं पारखावं

सुदामा नगर, राजेंद्र नगर, राऊ आणि पुढे पीथमपूर. इंदूरहून कारखान्यांच्या गाड्या रोज या रस्त्याने धावतात. कुणाला कुठे, किती वाजता घ्यायचं हे मात्र बऱ्याच ठिकाणी अजून एक्सेल शीट आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरतं. हेच काम करणारी सॉफ्टवेअर आहेत आणि त्यातली बरीचशी आधी फ्री ट्रायल देतात.

ट्रायल दोन तऱ्हेची असते. एकीत आपणच खातं उघडतो आणि त्याच क्षणी 7, 14 किंवा 30 दिवसांची मोजणी सुरू होते. दुसरीत कंपनीचा माणूस सेटिंग करून देतो. त्याला पायलट म्हणतात आणि मुदत बोलून ठरते. दोन्हींत आधी विचारा: किती गाड्या, किती माणसं चालतील, आणि कोणते रिपोर्ट बंद असतील?

1. खातं उघडण्याआधी यादी पक्की करा. माझा सगळ्यात जास्त आग्रह याच पायरीवर आहे. आम्ही घाईने खातं उघडलं आणि 14 पैकी 6 दिवस पत्ते जुळवण्यातच गेले, कारण ‘मंदिराजवळ, डावीकडे’ हा पत्ता नकाशावर बसत नाही. पिकअपची ठिकाणं, शिफ्टच्या वेळा, गाडीतल्या सीट आणि वेंडरचं, म्हणजे गाड्या पुरवणाऱ्याचं, गेल्या महिन्याचं किलोमीटरसह बिल हाताशी ठेवा. घराच्या पत्त्याऐवजी कोपऱ्यावरचा पिकअप पॉइंट दिलात तर उत्तम. महिला कर्मचाऱ्यांच्या बाबतीत तर नक्कीच.

2. आठवडा निवडा. शिफ्ट बदलण्याचा दिवस ट्रायलमध्ये यायलाच हवा, खरी परीक्षा त्याच दिवशी होते. रंगपंचमीचा आठवडा टाळा. राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा रस्तेच बंद असतात, त्या दिवसांच्या आकड्यांवरून काही ठरवता येत नाही.

3. कार्ड मागितलं तर थांबा. फुकट सेवेसाठी पैसे भरण्याचा तपशील किंवा ऑटो-डेबिटची परवानगी द्यायला भाग पाडणं हे केंद्राच्या 2023 च्या डार्क पॅटर्नविषयक (ग्राहकाला फसवणाऱ्या अ‍ॅप-वेबसाइटच्या रचनांविषयीच्या) मार्गदर्शक सूचनांत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’मध्ये मोडतं. तरीही कार्ड दिलंच, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे रक्कम कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना यायला हवी. फोनमधून अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन रद्द होत नाही. ते खात्यात जाऊनच रद्द करावं लागतं.

4. एकच रूट चालवा. जुनी शीट बंद करू नका, दोन्ही सोबत चालू द्या. ड्रायव्हरच्या साध्या फोनवर अ‍ॅप हिंदीत नीट दिसतं का, बॅटरी दिवसभर टिकते का, हे त्यालाच विचारा. आमच्या ड्रायव्हरदादांनी दोन दिवसांत ज्या अडचणी सांगितल्या, त्या डेमोत कुठेच दिसल्या नव्हत्या. लोकेशन कधी आणि कुणाला दिसतं हे कर्मचाऱ्यांना आधीच सांगा आणि त्यांची संमती घ्या.

5. बिल शेजारी ठेवा. सॉफ्टवेअरने मोजलेले किलोमीटर आणि वेंडरचे किलोमीटर ताडून पाहा; रिकामी गाडी किती पळते तेही त्यात दिसतं. दर प्रति गाडी आहे की प्रति माणूस, वर्षाचं किमान बंधन आहे का, हे लेखी घ्या. त्यावर 18 टक्के जीएसटी धरा.

मुदत संपण्याच्या दोन दिवस आधी सगळा डेटा एक्सेलमध्ये उतरवून घ्या. सॉफ्टवेअर घ्यायचं नसेल तर त्याच दिवशी ट्रायल रद्द करा आणि ‘आमच्या लोकांची माहिती पुसून टाका आणि तसं कळवा’ असा मेल कंपनीला पाठवा.