भाडं की ईएमआय? आधी व्याज बघा, मग बोला

भाडं भरणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं, हे मी लग्न झाल्यापासून ऐकतोय. सासऱ्यांकडून, ऑफिसातल्या सिनियरकडून, एकदा तर रिक्षावाल्या काकांकडून पण. त्यात तथ्य नाही असं नाही, पण मग बँकेला जे व्याज जातं ते कुठे जातं? ते पण पाण्यातच की. म्हणून पुण्यात फ्लॅट घ्यायचा की भाड्याने राहायचं हे ठरवताना भाडं आणि ईएमआय समोरासमोर ठेवू नका, भाडं आणि व्याज ठेवा. सगळा हिशोब तिथून बदलतो.

एक कागद घ्या. समजा 1 कोटीचा टू बीएचके आहे, रीसेल, आणि तसलाच फ्लॅट त्याच सोसायटीत 28 हजारांनी भाड्याने मिळतोय (तुमच्या एरियाचे आकडे टाका, भाडं ब्रोकरला नाही, वॉचमनला विचारा, त्याला खरं माहीत असतं). बँक 75 लाख देईल, वरचे 25 तुमचे. 8.5 टक्क्यांनी 20 वर्षांचं लोन म्हणजे ईएमआय साधारण 65 हजार, आणि पहिल्या महिन्याच्या त्या 65 मधले 53 हजार नुसतं व्याज, मुद्दल फिटलं फक्त 12 हजार. मी पहिल्यांदा बँकेचं शेड्यूल बघितलं तेव्हा दोनदा खात्री केली की कॉलम उलटे तर नाही छापले.

आता वरखर्च. पुण्यात स्टॅम्प ड्युटी 7 टक्के, म्हणजे 7 लाख. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट आहे, जोडीने नावं टाकली की सूट गेली. रजिस्ट्रेशन 30 हजार, ब्रोकर एक टक्का धरला तरी 1 लाख. झाले 8 लाख 30 हजार, हे कॅश लागतात, लोनमध्ये धरत नाहीत, आणि इथेच बऱ्याच जणांची गाडी अडते, मग सोनं मोड, पीएफ काढ, मित्राकडे हात पसर. इंटिरियर तर अजून धरलंच नाहीये.

म्हणजे 33 लाख हातातून गेले. तेच एफडीत साडेसहा टक्क्यांनी ठेवले असते तर महिन्याला 18 हजार आले असते. तर घर घेतल्यावर पहिल्या वर्षी दर महिन्याला व्याज 53, मेंटेनन्स 4, एफडीचे बुडालेले 18, मिळून 75 हजार. भाड्याने 28. फरक 47 हजार, वर्षाचे साडेपाच लाखांच्या वर. म्हणजे फ्लॅटची किंमत वर्षाला साडेपाच-सहा टक्क्यांनी वाढली तर कुठे बरोबरी, शिवाय ते 8 लाख वसूल व्हायचे ते वेगळेच. चार वर्षांत विकून बंगलोरला जायचं असेल तर वर्षाला 2 लाख त्यातच गेले.

पण थांबा, लगेच भाड्याच्या बाजूने नाचू नका. व्याज दरवर्षी कमी होतं आणि भाडं दरवर्षी वाढतं. कधी 5 टक्के कधी 10, सरासरी 7 धरलं तर 28 चं भाडं आठव्या वर्षी 45 हजारांच्या आसपास जातं, आणि त्याच सुमाराला तुमच्या ईएमआयमधलं व्याज 43-44 हजारांवर आलेलं असतं. तिथे क्रॉसिंग होतं. दहा वर्षांनी भाडं 55 आणि व्याज 37. म्हणून खरा प्रश्न पगार किती हा नाहीच, या शहरात, याच एरियात आठ-दहा वर्षं राहणार का हा आहे. बदलीची नोकरी असेल, ऑनसाइटचं चालू असेल, नुकतंच लग्न झालं असेल तर भाड्याने राहा आणि लाजू नका. मात्र मधला फरक खरंच बाजूला टाकायचा, एसआयपी म्हणा आरडी म्हणा, नाहीतर तो ईएमआयवर घेतलेल्या फोनमध्ये जातो, अनुभव आहे.

टॅक्स वाचतो म्हणून घर घेऊ नका. नवीन रिजीममध्ये राहत्या घराच्या व्याजाची सूट मिळत नाही. 2 लाखांपर्यंतची आहे ती जुन्या रिजीममध्ये, आणि एचआरए, म्हणजे घरभाडे भत्त्याची सूट, पण तिथेच.

अंडर कन्स्ट्रक्शन घेत असाल तर वर 5 टक्के जीएसटी, आणि ताबा मिळेपर्यंत भाडं आणि बँकेचा हप्ता दोन्ही चालू. कंप्लीशन झालेल्याला जीएसटी नाही. महारेराच्या (बिल्डरांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) साइटवर प्रोजेक्ट नंबर टाकून ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकललीय ते बघा, आणि ॲग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त पैसे देऊ नका, कायद्यानेच घेता येत नाहीत. सँपल फ्लॅट बघायला टेप घेऊन जा. आम्ही एक बघितला, बायको म्हणाली किती मोकळं वाटतंय नाही, मग लक्षात आलं की बेडरूमला दारंच लावलेली नाहीत आणि बेड साडेपाच फुटी, मी आडवा झालो तर पाय बाहेर. सेल्सवाली मुलगी पण हसली बिचारी.

रेडी असेल तर ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मागा, कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का विचारा, आणि मे महिन्यात सकाळी सातला गेटवर जाऊन उभे राहा. टँकरची रांग दिसली तर मेंटेनन्सचा आकडा परत लिहा.

भाड्याने राहणार असाल तर लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरार, रजिस्टर करूनच घ्या, नुसती नोटरी नको. आणि लॉक-इन, म्हणजे करार मध्येच मोडता येणार नाही तो काळ, दोन्ही बाजूंनी लिहून घ्या, आमच्या आधीच्या मालकांनी जानेवारीत सांगितलं मुलगा परत येतोय, घर रिकामं करा, पोरीची वार्षिक परीक्षा तोंडावर, आणि त्या महिन्यात आम्ही एकवीस फ्लॅट बघितले. या त्रासाची किंमत कागदावर कुठल्या कॉलममध्ये टाकायची ते तुमचं तुम्ही ठरवा, बायकोने तिच्या हिशोबात महिन्याला 10 हजार धरलेत.

तेवढे धरूनही आमचं पारडं सध्या भाड्याकडे आहे, कारण माझ्या कंपनीचं हैदराबादचं ठरत नाहीये. ऑगस्टमध्ये रिन्यूअल आहे, मालक 10 टक्के म्हणतायत, मी 5 वर अडून बसलोय.