पोस्टमन की पॉकेटबेस: कामाला बसण्याआधीची तयारी

गिऱ्हाईकासाठी ॲप करायला बसण्याआधी कागदावर एकच ओळ लिहा: सर्व्हर (डेटा ठेवणारा आणि मागेल तसा देणारा प्रोग्रॅम) कुणाकडे तयार आहे, की आपल्यालाच उभा करायचाय? याचं उत्तर नसताना टूल डाऊनलोड करू नका. पोस्टमन, ब्रूनो, हॉपस्कॉच ही विचारणारी टूल्स, म्हणजे क्लायंट. एपीआयला (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी बोलायची वाट) रिक्वेस्ट पाठवायची आणि काय आलं ते दाखवायचं, एवढंच त्यांचं काम. पॉकेटबेस हा बॅकएंड, म्हणजे सर्व्हरची बाजू: उत्तर देतं, डेटा सांभाळतं, लॉगिन बघतं. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्याकडे बिलिंगचं सॉफ्टवेअर असेल आणि त्याला एपीआय असेल, तर क्लायंट पुरतो. ऑर्डरी अजून वहीत असतील, तर बॅकएंड लागणार, आणि तो तपासायला क्लायंटही लागणार. म्हणजे बऱ्याचदा निवड एकाची नसतेच.

फक्त स्क्रीन दाखवायच्या असतील तर जेसन-सर्व्हर घ्या. एका जेसन फाइलवर (साध्या मजकुरात लिहिलेला डेटा) चालतो, पोस्ट केलेली नोंद त्याच फाइलमध्ये लिहितो. पण लॉगिन आणि परवानग्या त्याच्यात नाहीत, त्यामुळे गिऱ्हाईकाचा खरा डेटा त्यात नको. क्लायंटमधला मॉक (नकली) सर्व्हर तर ठरवून दिलेलंच उत्तर देतो. आज टाकलेली दहा डझनांची ऑर्डर उद्या तिथे सापडणार नाही.

क्लायंट निवडताना एकच बघा: कलेक्शन (साठवलेल्या रिक्वेस्टचा संच) राहतं कुठे. ब्रूनो ते तुमच्याच फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवतं, नेट लागत नाही, गिटमध्ये (फाइलींतले बदल नोंदणारं टूल) सरळ जातं. दोघं-तिघं मिळून काम करणार असाल तर हेच घ्या. पोस्टमनमध्ये खातं न उघडता रिक्वेस्ट पाठवता येते, पण कलेक्शनसाठी खातं लागतं आणि कलेक्शन सहसा क्लाउडवर जातं. त्यात पासवर्ड लिहू नका. हॉपस्कॉच ब्राउझरमध्ये चालतं, म्हणून सीओआरएसची (एका साइटच्या पानाला दुसऱ्या सर्व्हरचं उत्तर वाचू न देणारा ब्राउझरचा नियम) अडचण येऊ शकते आणि मग एक्स्टेंशनसारखा उपाय करावा लागतो. डेस्कटॉप क्लायंटला सीओआरएसचं बंधन नाही. त्यामुळे क्लायंटमध्ये चाललं म्हणून वेबपेजमध्ये चालेलच असं धरू नका.

आता पॉकेटबेस. झिप उघडा, आतली प्रोग्रॅमची फाइल ‘सर्व्ह’ ही आज्ञा देऊन चालवा, ८०९० पोर्टवर उभं राहतं. आतमध्ये एसक्यूलाइट हा डेटाबेस आहे, वेगळा लागत नाही. आवृत्तीचा आकडा लिहून ठेवा आणि सगळ्या मशीनवर तीच फाइल ठेवा. अजून १.० आलेली नाही आणि मधल्या आवृत्त्यांत मोठे बदल झालेत: २०२४ मधल्या ०.२३ मध्ये ॲडमिनचे सुपरयूझर झाले. जुना व्हिडिओ बघून करायला गेलात तर निम्म्या गोष्टी जुळणार नाहीत.

आता सहज राहून जाणारी गोष्ट. तयारीतलं दुसरं काही सुटलं तरी चालेल, हे सुटता कामा नये: टोकन (लॉगिननंतर मिळणारी ओळखीची चिठ्ठी) काढून प्रत्येक रिक्वेस्ट मारून बघा. ॲडमिन पॅनेलमध्ये तुम्ही सुपरयूझर असता आणि सुपरयूझरला कोणताच नियम लागू होत नाही. तिथे सगळं दिसतं याचा अर्थ काहीच तपासलं नाही असा होतो. पॉकेटबेसमधल्या प्रत्येक कलेक्शनला (इथे अर्थ नोंदींचा तक्ता) यादी, एक नोंद, नवीन, बदल, खोडणे असे पाच नियम असतात. नियम कुलूपबंद असेल तर फक्त सुपरयूझर. कुलूप काढून चौकट रिकामी सोडली तर जगातला कुणीही. रिकामी म्हणजे बंद नव्हे, रिकामी म्हणजे सताड उघडी! दिसायला दोन्ही जवळजवळ सारखं, आणि घात इथेच होतो.

टोकन काढून म्हणजे खरंच काढून. पोस्टमनमध्ये नवीन रिक्वेस्ट वरच्या कलेक्शनचं ऑथ (लॉगिनची माहिती) आपोआप उचलते, म्हणून तिथे ‘नो ऑथ’ हाताने निवडा. मग उत्तराचा कोड वाचा. कुलूपबंद असेल तर ४०३ (मनाई). यादीचा नियम जुळला नाही तर २०० येतो पण यादी रिकामी. याला चूक समजून नियम सैल करत बसू नका. नियम जुळला नाही तर एका नोंदीसाठी, बदलासाठी, खोडण्यासाठी ४०४ (सापडलं नाही). नवीन नोंदीसाठी ४०० (रिक्वेस्ट नाकारली).

टोकन काढून झालं की दुसऱ्याचं टोकन लावून बघा. ‘लॉगिन केलेला कुणीही’ हा नियम पुरेसा नाही, कारण तयार मिळणाऱ्या यूझर्स कलेक्शनमध्ये नवीन खातं उघडायला कुणालाही मोकळीक असते. म्हणजे अनोळखी माणूस दोन मिनिटांत लॉगिन केलेला होतो आणि अशोक चौकातल्या व्यापाऱ्याचा भाव त्याच्या शेजाऱ्याला दिसतो. नोंदीतला मालकाचा आयडी आणि लॉगिनचा आयडी जुळला पाहिजे, असाच नियम लिहा. नियमात एक अक्षर बदललं तरी पुन्हा टोकन काढून, पुन्हा दुसऱ्याचं टोकन लावून.

चाचणीची नावं मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही लिपींत घाला. सोलापुरात गिऱ्हाईकांची नावं तशीच येणार.

फोनवर दाखवायचं असेल तर लोकलहोस्ट (मशीनचा स्वतःपुरता पत्ता) चालत नाही. सर्व्हर ०.०.०.० वर (म्हणजे बाहेरच्या मशीननाही खुला) चालवा, लॅपटॉपचा आयपी पत्ता ॲपमध्ये टाका, विंडोजच्या फायरवॉलला परवानगी द्या. हॉटस्पॉट बदलला की आयपी बदलतो. अँड्रॉइड एम्युलेटरमध्ये (लॅपटॉपवर चालणारा नकली फोन) त्या आयपीच्या जागी १०.०.२.२ टाका. अँड्रॉइड ९ आणि पुढच्यासाठी बांधलेल्या ॲपला साधं (एनक्रिप्ट न केलेलं) एचटीटीपी मुळातच बंद असतं, ते चालू करा.

बॅकअप: सर्व्हर थांबवा, पीबी-डेटा फोल्डर पूर्ण उचला. चालू असताना नुसती डेटा.डीबी कॉपी केली तर ताज्या नोंदी शेजारच्या डब्ल्यूएएल फाइलमध्ये (ताजे बदल आधी तिथे लिहिले जातात) राहून जातात. सोबत चार्जर, पेनड्राइव्ह, वीज गेली तर फोनचा नेट.

निघण्याआधी टोकन काढून एकदा.